सोलापुरात राहून प्रकाशीय संप्रेषणाच्या चिपवर संशोधन कसे करावे: विषयनिवडीपासून मोजमापापर्यंत

सोलापूर, पंढरपूर आणि आसपासच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत इलेक्ट्रॉनिक्सचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या किंवा पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात पीएचडीसाठी नोंदणी करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. सिनॉप्सिसमध्ये अनेकदा ‘अतिवेगवान प्रकाशीय संप्रेषणासाठी प्रगत एकात्मिक परिपथांची रचना’ असे शीर्षक असते. ते वाचायला चांगले वाटते, पण त्यात संशोधनाचा प्रश्न कोठेच नसतो. प्रश्न तयार होण्यासाठी एखादी भौतिक मर्यादा हाताशी असावी लागते. ती मर्यादा कोणत्या सूत्राने येते, आपल्याला उपलब्ध असलेल्या तंत्रज्ञानात तिचा आकडा किती येतो आणि त्या आकड्याच्या किती जवळ जाता येईल, या तीन गोष्टी सांगता आल्या की विषय ठरला असे समजावे. 112 किंवा 224 गिगाबिट वेगाचे परिपथ ज्या काही नॅनोमीटरच्या चिपनिर्मिती प्रक्रियांमध्ये बनतात, त्या प्रक्रिया आपल्या प्रयोगशाळेला उपलब्ध नाहीत. म्हणून वेगाच्या आकड्यावर स्पर्धा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मर्यादेचा अभ्यास मात्र 130 नॅनोमीटरच्या प्रक्रियेतही पूर्ण प्रामाणिकपणे करता येतो, आणि त्यातून शिकलेले पुढे कोणत्याही प्रक्रियेत उपयोगी पडते.

आधी दुव्याचे गणित करावे

ट्रान्झिस्टरला हात लावण्यापूर्वी संपूर्ण दुव्याचा हिशेब कागदावर मांडावा. उदाहरणासाठी सोलापूर ते पंढरपूर असा प्रकाशतंतूचा दुवा घेऊ आणि केबलच्या वळणांसह त्याची लांबी सुमारे 75 किलोमीटर धरू. 1550 नॅनोमीटर तरंगलांबीवर चांगल्या सिंगल-मोड तंतूत प्रति किलोमीटर सुमारे 0.2 डेसिबल क्षय होतो, म्हणजे एकूण 15 डेसिबल. जोड आणि कनेक्टर यांसाठी 3 डेसिबल आणि तंतूचे वय वाढेल, केबल तुटून पुन्हा जोडावी लागेल, या शक्यतांसाठी आणखी 3 डेसिबल राखून ठेवावेत. लेसरने तंतूत 0 डीबीएम, म्हणजे 1 मिलिवॅट शक्ती सोडली, तर पंढरपूरच्या टोकाला −21 डीबीएम, म्हणजे सुमारे 8 मायक्रोवॅट पोहोचते. प्रकाशाचे विद्युत प्रवाहात रूपांतर करणारा फोटोडायोड प्रति वॅट 0.8 अँपिअर प्रवाह देत असेल, तर ग्राहक (रिसीव्हर) चिपला सरासरी 6.3 मायक्रोअँपिअर प्रवाह मिळतो. आपल्या परिपथाला याच प्रवाहातून शून्य आणि एक वेगळे करायचे आहेत.

क्षयाबरोबर डिस्पर्शनचाही, म्हणजे स्पंद पसरण्याचाही हिशेब करावा लागतो. नेहमीच्या तंतूत 1550 नॅनोमीटरवर ते प्रति नॅनोमीटर प्रति किलोमीटर सुमारे 17 पिकोसेकंद असते, म्हणजे 75 किलोमीटरवर प्रति नॅनोमीटर 1275 पिकोसेकंद. प्रति सेकंद 10 गिगाबिटच्या संदेशाची वर्णपटातील रुंदी सुमारे 0.08 नॅनोमीटर असल्यामुळे स्पंद सुमारे 100 पिकोसेकंदांनी पसरतो, आणि त्या वेगाला एका बिटचा काळही 100 पिकोसेकंदच असतो. 2.5 गिगाबिटला मात्र पसरण सुमारे 25 पिकोसेकंद आणि बिटचा काळ 400 पिकोसेकंद, त्यामुळे काळजीचे कारण राहत नाही. वेग चौपट झाला की हा त्रास सोळापट होतो. याच कारणामुळे लांब अंतरावरील 100 गिगाबिट आणि त्यापुढील दुव्यांमध्ये प्रकाशाची केवळ तीव्रता न मोजता त्याची कलाही (फेज) मोजणारे कोहेरंट ग्राहक वापरावे लागले, आणि डिस्पर्शन दुरुस्त करण्याचे काम डिजिटल चिपकडे आले. कोणता वेग निवडला म्हणजे कोणती अडचण पुढे येते, हे या दोन परिच्छेदांइतक्या गणितातून कळते. म्हणून सिनॉप्सिसचे पहिले पान याच गणिताचे असावे.

ग्राहकाची मर्यादा: ट्रान्सइम्पीडन्स ॲम्प्लिफायर

फोटोडायोडचा सूक्ष्म प्रवाह व्होल्टेजमध्ये बदलणारा ट्रान्सइम्पीडन्स ॲम्प्लिफायर हा या क्षेत्रातील पहिला परिपथ म्हणून निवडण्यास सर्वांत योग्य आहे, कारण त्याची मर्यादा एका ओळीत लिहिता येते. प्रतिपोषण रोधकासह वापरलेल्या एकपायरी ॲम्प्लिफायरमध्ये मिळू शकणारा जास्तीत जास्त ट्रान्सइम्पीडन्स म्हणजे ॲम्प्लिफायरचा गेन-बँडविड्थ गुणाकार भागिले दोन पाय (2π), इनपुटवरील एकूण धारिता आणि हव्या असलेल्या बँडविड्थचा वर्ग यांचा गुणाकार. बँडविड्थ वर्गाने भागली जाते, ही या सूत्रातील लक्षात ठेवण्याची गोष्ट आहे.

2.5 गिगाबिटसाठी बिटवेगाच्या सुमारे 0.7 पट, म्हणजे 1.75 गिगाहर्ट्झ बँडविड्थ घ्यावी. फोटोडायोड, पॅड, स्थिर विजेपासून संरक्षण देणारे डायोड आणि ट्रान्झिस्टरचे गेट मिळून धारिता 500 फेमटोफॅरड धरावी, आणि गेन-बँडविड्थ 10 गिगाहर्ट्झ गृहीत धरावी. उत्तर सुमारे 1 किलोओहम येते. हेच गणित 5 गिगाबिटसाठी केले तर उत्तर 260 ओहम येते, आणि 10 गिगाबिटसाठी 65 ओहम. रोधक लहान झाला की त्याचा औष्णिक प्रवाह-नॉइज वाढतो: 1 किलोओहमला तो हर्ट्झच्या वर्गमूळामागे सुमारे 4 पिकोअँपिअर असतो, तर 260 ओहमला सुमारे 8. म्हणजे वेग दुप्पट करताना मिळणारे व्होल्टेज चौथाई होते, नॉइजची घनता दुप्पट होते आणि तो नॉइज दुप्पट बँडविड्थमधून आत येतो. इंडक्टरच्या साहाय्याने बँडविड्थ वाढवणे, अनेक पायऱ्यांचा ॲम्प्लिफायर वापरणे, मुद्दाम अरुंद बँडविड्थचा कमी नॉइजचा ॲम्प्लिफायर बनवून पुढे इक्वलायझरने ती भरून काढणे, असे मार्ग संशोधकांनी शोधले आहेत, आणि प्रत्येक मार्गाची स्वतःची किंमत आहे. पदव्युत्तर प्रबंधासाठी यांपैकी दोन मार्गांची एकाच प्रक्रियेत, एकाच धारितेला आणि एकाच वीजवापरात केलेली तुलना पुरेशी आहे. अशी तुलना प्रकाशित लेखांवरून करणे कठीण असते, कारण प्रत्येक लेखातील प्रक्रिया, धारिता आणि भार वेगळे असतात.

पहिल्या ट्रान्झिस्टरचा आकार ठरवतानाही सूत्राचा आधार घ्यावा. ट्रान्झिस्टरच्या नॉइजचा जो भाग वारंवारतेच्या वर्गाने वाढतो, तो गेटची धारिता बाहेरून येणाऱ्या धारितेइतकी केली असता कमीत कमी होतो, हा जुना आणि उपयुक्त निष्कर्ष आहे. विजेचा वापर मर्यादित असेल तर प्रत्यक्षात त्याहून लहान ट्रान्झिस्टर योग्य ठरतो. तो किती लहान असावा, याचा आलेख स्वतः काढावा. व्हायवामध्ये तो आलेख दहा आकृत्यांचे काम करतो.

एकूण नॉइज 0.4 मायक्रोअँपिअर आला असे धरू. एक लाख कोटी बिटांत एक चूक, म्हणजे 10 चा उणे बारावा घात इतक्या त्रुटीदरासाठी संदेश आणि नॉइज यांचे प्रमाण दर्शवणारा क्यू सुमारे 7 लागतो. 7 गुणिले 0.4 भागिले 0.8 म्हणजे 3.5 मायक्रोवॅट, अर्थात −24.5 डीबीएम. आपल्या दुव्यातून −21 पोहोचत होते, म्हणजे 3.5 डेसिबल शिल्लक राहतात. चिपचा आकडा अशा रीतीने दुव्याच्या गणिताशी जोडला गेला की त्याला अर्थ येतो. प्रबंधात केवळ ‘गेन 60 डेसिबल-ओहम’ लिहून थांबू नये.

आज कोणते प्रश्न खुले आहेत

पहिला प्रश्न संकेतपद्धतीचा आहे. 2017 मध्ये मंजूर झालेल्या 200 आणि 400 गिगाबिट ईथरनेटच्या मानकापासून दोनऐवजी चार पातळ्यांची पॅम-4 पद्धत रूढ झाली. तेवढ्याच वेळात दोन बिट जातात, पण पातळ्यांमधील अंतर एक-तृतीयांश होते, म्हणजे विद्युत बाजूने मोजल्यास सुमारे 9.5 डेसिबलचा तोटा होतो. सर्व बिट एकमेकांवर ठेवून काढलेल्या आलेखात पातळ्यांमध्ये दिसणाऱ्या मोकळ्या जागेला डोळा म्हणतात; ॲम्प्लिफायर रेषीय नसेल तर वरचा डोळा आणि खालचा डोळा वेगवेगळ्या आकारांचे होतात. त्यामुळे संदेश ठरावीक उंचीला कापणाऱ्या जुन्या लिमिटिंग ॲम्प्लिफायरची जागा रेषीय, पण गेन बदलता येणाऱ्या ॲम्प्लिफायरने घेतली आहे. गेन बदलताना बँडविड्थ आणि रेषीयता टिकवणे हा कमी वेगावरही अभ्यासता येणारा उत्तम प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न तापमानाचा आहे, आणि माझ्या मते सोलापूरच्या विद्यार्थ्याने याचा सर्वांत गांभीर्याने विचार करावा. सिलिकॉनचा अपवर्तनांक तापमानाबरोबर बदलतो, त्यामुळे सिलिकॉनच्या सूक्ष्मवलयाची, म्हणजे मायक्रोरिंगची अनुनादी तरंगलांबी प्रत्येक अंशाला सुमारे 70 ते 80 पिकोमीटरने सरकते. मे महिन्यात आपल्याकडे पहाट आणि दुपार यांत 15 अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्याने अनुनाद 1.1 नॅनोमीटर सरकेल. 100 गिगाहर्ट्झ अंतराच्या दोन शेजारी वाहिन्यांमध्ये मात्र 0.8 नॅनोमीटरच असतात, आणि 10,000 इतका गुणवत्ता गुणांक असलेल्या वलयाच्या अनुनादाची रुंदी जेमतेम 0.15 नॅनोमीटर. म्हणजे नियंत्रण नसेल तर वलय शेजारच्या वाहिनीच्याही पलीकडे जाऊन बसेल. डेटा सेंटरमध्ये खोली थंड असली तरी शेजारच्या प्रोसेसरची उष्णता वलयापर्यंत पोहोचतेच. वलयाजवळ सूक्ष्म तापक बसवून आणि एका छोट्या फोटोडायोडच्या प्रवाहावरून त्या तापकाची वीज सतत बदलून वलय जागेवर धरावे लागते. या नियंत्रण परिपथाचा वेग किलोहर्ट्झच्या घरातला असतो, त्यामुळे त्यासाठी महागडी प्रक्रिया लागत नाही. कमी विजेत, कमी जागेत, अनेक वलये एकमेकांना तापवत असताना आणि चालू करण्याच्या क्षणी लेसरची रेषा कोठे आहे हे ठाऊक नसताना कुलूप कसे लावावे, या प्रश्नावर 180 किंवा 130 नॅनोमीटरमध्ये खरे संशोधन होऊ शकते. आधी एफपीजीए (हवी तशी जोडणी करता येणारी तयार डिजिटल चिप) आणि बाहेरील डीएसीवर (अंकांचे व्होल्टेज करणाऱ्या चिपवर) नियंत्रणाची पद्धत सिद्ध करून मग तिची चिप करणेही शक्य आहे.

लेसरचा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. सिलिकॉनचा ऊर्जापट्टा अप्रत्यक्ष असल्यामुळे ते प्रकाश कार्यक्षमतेने देत नाही, म्हणून इंडियम फॉस्फाइडसारख्या पदार्थाचा लेसर बाहेरून आणून जोडावा लागतो. तंतूतील प्रकाशाचा पट्टा सुमारे 10 मायक्रोमीटर रुंद असतो, तर सिलिकॉनची प्रकाशवाहिनी अर्धा मायक्रोमीटर रुंद आणि 220 नॅनोमीटर जाड. या दोहोंना मायक्रोमीटरहून कमी चुकीने जोडणे हे पॅकेजिंगचे काम आहे. स्विच चिपच्या शेजारी एकाच पॅकेजमध्ये प्रकाशीय भाग बसवण्याच्या पद्धतीतही उष्णता, जोडणी आणि दुरुस्ती याच अडचणी आहेत. स्वच्छ कक्ष आणि सुसज्ज जोडणी यंत्रे नसताना हा विषय घेऊ नये, असा माझा सल्ला आहे. ज्यांना उपकरणेच बनवायची आहेत त्यांनी आयआयटी मुंबई आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांच्या नॅनो-सुविधा बाहेरील संशोधकांना खुल्या करणाऱ्या भारतीय नॅनोइलेक्ट्रॉनिक्स वापरकर्ता कार्यक्रमाची सद्यःस्थिती पाहावी.

साधने आणि प्रक्रिया

2020 मध्ये गूगल आणि स्कायवॉटर यांनी स्काय130 हे 130 नॅनोमीटरचे डिझाइन किट खुले केले. त्यानंतर ग्लोबलफाउंड्रीजचे 180 नॅनोमीटरचे आणि जर्मनीतील आयएचपी संस्थेचे 130 नॅनोमीटरचे सिलिकॉन-जर्मेनियम किटही खुले झाले. यांपैकी कोणत्याही किटसाठी गोपनीयतेचा करार लागत नाही. वेगाचा प्रश्न घ्यायचाच असेल तर आयएचपीचे किट निवडावे, कारण त्यातील बायपोलर ट्रान्झिस्टर शेकडो गिगाहर्ट्झपर्यंत चालतात. एक्सस्कीममध्ये आकृती, एनजीस्पाइसमध्ये सिम्युलेशन, मॅजिक किंवा केलेआउटमध्ये लेआउट आणि नेटजेनमध्ये आकृती-लेआउट पडताळणी, एवढ्यावर संपूर्ण ॲनालॉग रचना होते. प्रकाशवाहिनीच्या क्षेत्रगणनेसाठी मीप हे सॉफ्टवेअर आहे. वलय आणि फोटोडायोड यांची व्हेरिलॉग-ए प्रतिमाने लिहून ती एनजीस्पाइसमध्ये जोडता येतात, त्यामुळे विद्युत आणि प्रकाशीय भाग एकत्र तपासता येतात. महाविद्यालय केंद्र सरकारच्या चिप्स टू स्टार्टअप कार्यक्रमात असेल तर बेंगळुरूच्या सी-डॅकमधील चिपइन केंद्रामार्फत व्यावसायिक साधने वापरता येतात. त्याची चौकशी विभागप्रमुखांकडे प्रवेशाच्या पहिल्याच महिन्यात करावी.

सिम्युलेशनमध्ये कोठे फसगत होते

सर्वांत जास्त चुका नॉइजच्या गणनेत आढळतात. इनपुटला संदर्भित केलेली नॉइज घनता उच्च वारंवारतेला वर्गाने वाढत जाते. ती थेट वारंवारतेवर संकलित केली तर वरची सीमा कोठे धरली त्यावर उत्तर अवलंबून राहते, म्हणजे उत्तराला अर्थच राहत नाही. योग्य रीत अशी की, आउटपुटवरील नॉइज संपूर्ण पट्ट्यात संकलित करावा, त्याचे वर्गमूळ काढावे आणि मध्यपट्ट्यातील ट्रान्सइम्पीडन्सने भागावे.

दुसरी फसगत चाचणीच्या संदेशाची आहे. 7 पायऱ्यांच्या, म्हणजे 127 बिटांच्या यादृच्छिकसदृश क्रमात सलग सारखे बिट जास्तीत जास्त सातच येतात, त्यामुळे डोळा सुंदर दिसतो. 31 पायऱ्यांच्या क्रमात ते सलग 31 येतात, आणि डीसी प्रवाह काढून टाकणाऱ्या परिपथाची खालची सीमा उंच ठेवली असेल तर आधाररेषा सरकू लागते. संपूर्ण 2,14,74,83,647 बिटांचे सिम्युलेशन ट्रान्झिस्टरच्या पातळीवर शक्य नाही. म्हणून सलग 31 एक आणि त्यानंतर एकटा शून्य, असा सर्वांत वाईट तुकडा हाताने लिहून तोच चालवावा. त्रुटीदरही सिम्युलेशनमधून मोजून मिळत नाही. 10 च्या उणे बाराव्या घाताचा दर 95 टक्के खात्रीने सांगायला 3 लाख कोटी बिट एकही चूक न होता जावे लागतात, आणि प्रत्यक्ष चिपवर 2.5 गिगाबिटला त्यासाठी 20 मिनिटे लागतात. सिम्युलेशनमध्ये नॉइज आणि डोळ्याची उंची यांवरून तो काढावा आणि काढलेला आहे असे स्पष्ट लिहावे.

फोटोडायोडचे प्रतिमान केवळ आदर्श प्रवाहस्रोत असू नये. त्याची धारिता, मालिकेतील रोध आणि चिपपर्यंतची बाँड वायर (जोडणीची बारीक तार) हे तिन्ही घालावेत. वायरची प्रेरकता प्रति मिलिमीटर सुमारे 1 नॅनोहेन्री असते, आणि ती 500 फेमटोफॅरडबरोबर 7 गिगाहर्ट्झच्या आसपास अनुनाद करते. 2.5 गिगाबिटच्या परिपथाला तो अनुनाद दूर वाटतो, पण 10 गिगाबिटच्या परिपथाच्या तो अगदी पट्ट्यात येतो.

प्रक्रियेचे पाचही कोपरे (ट्रान्झिस्टर नेहमीपेक्षा जलद किंवा मंद निघण्याच्या टोकाच्या स्थिती), पुरवठ्यात दहा टक्के कमी-अधिक आणि −40 ते 125 अंश तापमान, एवढे सर्व तपासल्याशिवाय कोणताही आकडा तक्त्यात लिहू नये. 27 अंशांना काढलेला एकमेव निकाल प्रबंधात दिसला की परीक्षक पुढचे वाचताना साशंक होतो, आणि ते योग्यच आहे.

लेआउट

स्काय130 मध्ये सर्वांत खालचा स्थानिक जोडणीचा थर टायटॅनियम नायट्राइडचा आहे. त्याचा रोध प्रति चौरस सुमारे 12 ओहम, म्हणजे त्यावरील पहिल्या धातुथराच्या जवळजवळ शंभरपट. संकेताची किंवा पुरवठ्याची वाट त्या थरातून नेली तर आकृतीत कोठेच न दिसणारा रोधक परिपथात येतो. इनपुट पॅडपासून पहिल्या ट्रान्झिस्टरपर्यंतची वाट शक्य तेवढी आखूड आणि वरच्या धातूत ठेवावी. पुरवठ्याजवळ रिकाम्या राहिलेल्या प्रत्येक जागेत धारित्र भरावेत. लेआउटमधून काढलेल्या परजीवी धारितांसह सर्व सिम्युलेशन पुन्हा करावे. बँडविड्थ घटेल हे गृहीत धरून आकृतीच्या पातळीवरच पुरेसा वाव ठेवलेला असावा.

चिप हाती आल्यावर

चिप बनून येण्यास अनेक महिने लागतात. त्या काळात चाचणीचे बोर्ड तयार ठेवावे, आणि शक्य असेल तेथे फोटोडायोडऐवजी रोधकातून विद्युत प्रवाह देणारी पर्यायी इनपुट वाट चिपवर आधीच ठेवलेली असावी. म्हणजे प्रकाशीय बाकावर जाण्यापूर्वी विद्युत भाग स्वतंत्रपणे तपासता येतो. महागडा ऑसिलोस्कोप आणि त्रुटीदर मोजणारे यंत्र आपल्याकडे नसेल, तर पुणे, मुंबई किंवा हैदराबादच्या संस्थेत वेळ मागावा लागतो. त्यासाठीचे पत्र चिप पाठवतानाच द्यावे, चिप परत आल्यावर नव्हे.

चिप बोर्डावर बसवल्यावर प्रथम पुरवठ्याचा प्रवाह आणि प्रत्येक पिनचे डीसी व्होल्टेज सिम्युलेशनशी ताडून पाहावे. प्रयोगशाळा यंत्रमागांच्या किंवा कारखान्यांच्या वसाहतीजवळ असेल, तर मोटारी चालू-बंद होताना वीजवाहिनीतून येणारा उपद्रव नॉइजच्या मोजमापात मिसळतो. अशा वेळी बॅटरीवर मोजमाप करावे आणि दोन्ही निकाल जवळ ठेवावेत. खोलीचे तापमान प्रत्येक नोंदीसमोर लिहावे, कारण जानेवारीतील आणि मे महिन्यातील सोलापूर ही मोजमापाच्या दृष्टीने दोन वेगळी ठिकाणे आहेत. मोजलेली बँडविड्थ अपेक्षेपेक्षा कमी आली तर प्रथम बाँड वायर आणि बोर्डावरील जोडणी, मग इनपुटची धारिता, मग पुरवठ्याची स्थिरता आणि सर्वांत शेवटी ट्रान्झिस्टरचे प्रतिमान, या क्रमाने संशय घ्यावा. प्रत्येक संशयासाठी सिम्युलेशनमध्ये तो एकच घटक बदलून मोजलेला आलेख जुळतो का ते पाहावे, आणि कोणत्या मूल्याला तो जुळला ते प्रबंधाच्या तक्त्यात सिम्युलेशन आणि मोजमाप यांच्या शेजारी तिसऱ्या स्तंभात द्यावे.